पुस्तकाआधीचं पुस्तक

२००९च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या स्कोलॅस्टिक या प्रकाशनसंस्थेनं एक लेखनस्पर्धा ठेवली. विषय असा, की जिवावरच्या प्रसंगातून तुम्ही कसे तगाल? बक्षीस होतं एक पुस्तक. सुझान कॉलिन्स यांच्या ‘कॅचिंग फायर’ या कादंबरीची साध्या कागदी बांधणीतली, शेवटचं प्रूफ अजून तपासून न झालेली प्रत. हीच कादंबरी १ सप्टेंबरला गावोगावच्या दुकानांत येणार होती आणि ज्याला हवी त्याला पैसे देऊन घेता येणार होती. स्पर्धेतलं खरं बक्षीस म्हणजे मधले तीन महिने.

मोठ्या माणसाचे तीन महिने कामाच्या धबडग्यात कुठे जातात ते कळत नाही. चौदाव्या वर्षी तेवढ्या काळात मैत्रिणी बदलतात, आवाज बदलतो, आवडीनिवडी बदलतात. आणि त्या वयात एखाद्या मालिकेचा पहिला भाग वाचून संपलेला असेल, तर दुसऱ्याची वाट पाहणं अक्षरशः सोसवत नाही. ‘द हंगर गेम्स’ हा पहिला भाग सप्टेंबर २००८मध्ये आला होता. सोळा वर्षांची कॅटनिस, बारा ते अठरा वयाची चोवीस मुलं, आणि त्यातलं एकच जिवंत उरेपर्यंत टीव्हीवर सगळ्या देशाला दाखवला जाणारा खेळ. प्रकाशकांनी आधी ५०,००० प्रती काढायचं ठरवलं होतं. तो आकडा दोनदा वाढवून २,००,००० करण्यात आला. कॉलिन्स यांचं नाव तोवर मुलांच्या पुस्तकांच्या वर्तुळाबाहेर फारसं कुणाला माहीत नव्हतं. पण या पुस्तकाच्या आगाऊ प्रती कित्येक महिने आधीच ग्रंथपालांच्या आणि पुस्तकविक्रेत्यांच्या हातात पडल्या होत्या. त्यांनी रात्र जागून त्या वाचल्या, सकाळी सहकाऱ्यांच्या हातात दिल्या, घरी मुलांना दिल्या, आणि बोलणं सुरू झालं.

दुसऱ्या भागाच्या वेळी हे बोलणं थांबेना. प्रकाशनाची तारीख आधी ८ सप्टेंबर होती. शाळा सुरू होण्याआधी पुस्तक हवं, असा दुकानदारांचा आग्रह पडला, म्हणून ती आठवडाभर अलीकडे आणली गेली. न्यूयॉर्कच्या बुकएक्स्पो या व्यापारी मेळ्यात ‘कॅचिंग फायर’च्या आगाऊ प्रती वाटल्या गेल्या, काही पुस्तकविक्रेत्यांना टपालानं गेल्या, आणि थोड्या त्या स्पर्धेतल्या मुलांना. कादंबरी जिथे संपते, तिथे ती वाचकाला कड्याच्या टोकावर नेऊन सोडते. काय होतं ते इथे सांगत नाही, कारण आगाऊ प्रत वाचलेल्यांनीही ते सांगितलं नव्हतं. ज्यांना ती सर्वांत आधी मिळाली, त्यांना तिसऱ्या भागासाठी इतरांपेक्षा तीन महिने जास्त वाट पाहावी लागली. हाही त्या सौद्याचाच भाग.

या प्रती दिसायला साध्या असतात. इंग्रजी प्रकाशनव्यवहारात यांना ‘गॅली’, ‘बाउंड प्रूफ’ किंवा एआरसी म्हणतात. संपादन झालेलं असतं, अक्षरजुळणी झालेली असते, पण शेवटचं मुद्रितशोधन व्हायचं असतं. मुखपृष्ठावर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं की हे प्रूफ दुरुस्त केलेलं नाही, ही प्रत विक्रीसाठी नाही. मलपृष्ठावर कथेच्या चार ओळींसोबत चक्क धंद्याची माहिती असते: प्रकाशनाची तारीख, किंमत, किती प्रती निघणार, लेखक कोणकोणत्या शहरांत जाणार. आतली वाक्यं परीक्षणात उद्धृत करायची असतील, तर अंतिम पुस्तकाशी ताडून घ्या, अशी सूचना असते. थोड्याच प्रती छापायच्या असल्यानं अशी एक प्रत अनेकदा दुकानातल्या पक्क्या बांधणीच्या पुस्तकापेक्षाही महाग पडते. तरी प्रकाशक हा खर्च करतात. ‘कर्कस’, ‘पब्लिशर्स वीकली’, ‘स्कूल लायब्ररी जर्नल’ अशा नियतकालिकांना परीक्षणासाठी तीन-चार महिने आधी पुस्तक लागतं, आणि अमेरिकेतली वाचनालयं ती परीक्षणं पाहूनच खरेदीच्या याद्या करतात.

अद्भुत कादंबऱ्यांच्या आगाऊ प्रतींमध्ये मला सर्वांत मोहवणारी गोष्ट म्हणजे एक कोरं पान. सुरुवातीलाच असतं ते. त्यावर एवढंच लिहिलेलं असतं की नकाशा इथे येईल. राज्यं, डोंगर, समुद्र, शापित अरण्य हे सगळं लेखकाच्या शब्दांत आलेलं असतं, पण चित्रकाराचा नकाशा अजून हातात आलेला नसतो. दुकानातली प्रत घेणाऱ्याला तो आयता मिळतो. आगाऊ प्रत वाचणारी मुलगी मात्र नद्या कुठून कुठे वाहतात ते स्वतःच्या मनात बसवत जाते, आणि पुढे छापील नकाशा पाहिल्यावर तिचं त्याच्याशी पटतंच असं नाही. गुप्तहेरकथेच्या किंवा प्रेमकथेच्या प्रूफात असलं अर्धवटपण फारसं जाणवत नाही. अद्भुत कादंबरीत अख्खं जग उभं करायचं असतं, आणि ते बांधकाम चालू असताना आत पाऊल ठेवायला मिळणं हे तेरा-चौदा वर्षांच्या वाचकाला फार मोठं वाटतं. त्यांचं तसं वाटणं बरोबर आहे, असं माझं ठाम मत आहे. त्या वयात बाकी सगळ्या गोष्टी तयार होऊनच समोर येतात. अभ्यासक्रम, शाळेचे नियम, घराचं वेळापत्रक, सगळं. अजून बदलू शकेल असं काहीतरी वाचायला देऊन ‘तुला काय वाटतं?’ असं त्यांना क्वचितच कुणी विचारतं.

असं विचारल्याचं फळ काय मिळतं, याचा जुना आणि सर्वांत सुंदर दाखला लंडनमधला आहे. १९३६मध्ये ऑक्सफर्डच्या एका प्राध्यापकाचं हस्तलिखित स्टॅन्ली अनविन या प्रकाशकांकडे आलं. मुलांच्या पुस्तकाची पारख मुलांनीच करावी, असं अनविन यांचं मत होतं. त्यांनी ते आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, रेनरला, वाचायला दिलं. लेखी अभिप्रायाचं मानधन एक शिलिंग. रेनरनं ३० ऑक्टोबर १९३६ ही तारीख घालून अभिप्राय दिला. गोष्ट थोडक्यात सांगितली, पुस्तक चांगलं आहे म्हणाला, नकाशे असले तर चित्रांची गरज नाही असंही म्हणाला, आणि पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना हे आवडेल असा निर्वाळा दिला. स्वतः दहा वर्षांचा असल्यामुळे त्यानं स्वतःला या गटातून वगळलं असावं. हस्तलिखित ‘द हॉबिट’चं होतं, प्राध्यापक जे. आर. आर. टॉल्किन. सप्टेंबर १९३७मध्ये पुस्तक निघालं. पहिली आवृत्ती १,५०० प्रतींची होती.

इथवरचा भाग बऱ्याच जणांना माहीत असतो. मला त्याच्या पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. रेनर मोठा होऊन वडिलांच्याच संस्थेत आला. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला टॉल्किन यांचं ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ त्याच्यासमोर आलं. तीन खंडांचं, प्रचंड, कोणत्याच साच्यात न बसणारं पुस्तक. त्यानं वडिलांना कळवलं की यात हजार पौंडांचा तोटा होऊ शकतो. वडिलांचं उत्तर असं, की ही प्रतिभावंताची कृती आहे असं तुला वाटत असेल, तर हजार पौंड घालव. १९५४-५५मध्ये ते तीन खंड आले. दहाव्या वर्षी ज्याचं मत कुणीतरी मनापासून विचारलं आणि त्याची किंमतही मोजली, त्याचं वाचक म्हणून काय झालं, हे यातून दिसतं.

साठ वर्षांनी लंडनमध्येच जवळजवळ तेच पुन्हा घडलं. ब्लूम्सबरीचे प्रमुख नायजेल न्यूटन यांनी जे. के. रोलिंग या नवख्या लेखिकेच्या हस्तलिखिताचं पहिलं प्रकरण आपल्या आठ वर्षांच्या मुलीला, अ‍ॅलिसला, दिलं. बारा प्रकाशकांनी ते आधी नाकारलेलं होतं. अ‍ॅलिसनं प्रकरण वाचलं आणि पुढचं कुठे आहे म्हणून वडिलांच्या मागे लागली. १९९७मध्ये ‘हॅरी पॉटर’चं पहिलं पुस्तक निघण्याआधी त्याच्या २०० आगाऊ प्रती छापल्या गेल्या. त्यांच्या आतल्या पानावर लेखिकेचं नाव चुकून ‘जे. ए. रोलिंग’ असं पडलं आहे. पक्क्या बांधणीची पहिली आवृत्ती ५०० प्रतींची. आज ती चुकीच्या नावाची प्रूफं लिलावात हजारो पौंडांना जातात. १९९७मध्ये मात्र ती टपालानं फुकट वाटली जात होती, आणि तरी फारशी कुणाला हवी नव्हती.

तिसरी गोष्ट टेक्सासची. रिक रायर्डन हे शाळेत शिकवत. त्यांच्या मुलाला वाचनाची अडचण होती, लक्ष एका जागी ठरत नसे. त्याला झोपवताना ते ग्रीक देवादिकांच्या गोष्टी सांगत. त्या संपल्यावर त्यांनी त्या देवांचा आजच्या अमेरिकेतला मुलगा कल्पून नवी गोष्ट रचली. हस्तलिखित पूर्ण झाल्यावर त्यांनी ते माध्यमिक शाळेतल्या काही मुलांना वाचायला दिलं. पुस्तकाचं नाव आणि नायकाची जादूची तलवार नेमकी कशी चालते, या दोन्ही गोष्टी त्या मुलांच्या मदतीनं ठरल्या. २००५मध्ये ‘द लाइटनिंग थीफ’ प्रसिद्ध झालं, आणि पर्सी जॅक्सन हे नाव जगभरातल्या मुलांच्या तोंडी झालं. पुढच्याच वर्षी त्याला ब्रिटनचा ‘रेड हाऊस’ बालपुस्तक पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार देतात मुलंच. ब्रिटनभर पसरलेल्या बालपुस्तक-गटांतली मुलं वर्षभर नवी पुस्तकं वाचून मतं देतात आणि निकाल त्या मतांवर लागतो. १९८०पासून हे चाललं आहे.

वरची सगळी मुलं प्रकाशकाच्या किंवा लेखकाच्या घरातली, वर्गातली. ज्याच्या ओळखीत कुणी लेखक नाही, त्या मुलाचं काय? या प्रश्नाचं सर्वांत चांगलं उत्तर अमेरिकेतल्या सार्वजनिक वाचनालयांनी दिलं, असं मला वाटतं. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनची याल्सा ही शाखा किशोरवयीन वाचकांसाठी काम करते. तिनं देशभरातल्या शाळांमधले आणि वाचनालयांमधले काही किशोर वाचनगट निवडले आणि प्रकाशकांकडून आगाऊ प्रती थेट त्यांच्याकडे पोचवायला सुरुवात केली. मुलांनी वाचायचं, मत लिहायचं, ते मत प्रकाशकाकडे जायचं. या गटांनी सुचवलेल्या पुस्तकांतून ‘टीन्स टॉप टेन’ची यादी तयार होते, आणि तिच्यावर देशभरातली किशोर मुलं मतदान करतात. २००३पासून ही निवड होत आली आहे. ग्रंथपालाला त्यात मत नाही.

अशा गटात काय घडतं, ते मोठ्या माणसांच्या साहित्यिक बैठकांपेक्षा फार वेगळं असतं. शाळा सुटल्यावर मुलं जमतात, खायला काहीतरी असतं, मधे टेबलावर आगाऊ प्रतींचं खोकं असतं. खोक्यात मालिकेचा पुढचा भाग निघाला, तर आधी कुणी न्यायचा यावरून यादी लागते, आणि यादीतला प्रत्येक जण आधीच्याला ‘लवकर संपव’ म्हणून टोकत राहतो. एकच प्रत पंधरा हातांतून फिरते. कोपरे दुमडतात, मुखपृष्ठ सुटतं, चिकटपट्टी लागते. मतं लिहिताना ही मुलं कुणाचीच भीड ठेवत नाहीत. पहिली साठ पानं कंटाळवाणी आहेत. नायिकेला दोन मुलांमधून एक निवडता येत नाही हे आता पुरे झालं. खलनायक शेवटच्या प्रकरणात अचानक मूर्ख का होतो. चौथ्या प्रकरणात दुखावलेला उजवा हात नवव्या प्रकरणात डावा कसा झाला. ही शेवटची जात फार मोलाची आहे. पगारी मुद्रितशोधकाच्या नजरेतून सुटलेली गोष्ट अशी पोरं पकडतात, कारण त्या जगात त्यांनी मनानं मुक्काम ठोकलेला असतो.

आणि गुपित. आगाऊ प्रत वाचलेल्यानं शेवट फोडायचा नाही, हा नियम कागदावर कुठेही नसला तरी मुलं तो कसोशीनं पाळतात. शेजारच्या बाकावरची मैत्रीण विनवण्या करत असते, हिला सगळं माहीत असतं, आणि तरी ही गप्प राहते. हे नुसतं मिरवणं नाही. मैत्रिणीलाही तो धक्का तसाच लागावा, ही त्यामागची इच्छा असते. वाचनातल्या आनंदाबद्दल इतका आदर मी मोठ्यांच्या जगात क्वचितच पाहिला आहे.

याच सगळ्याच्या विरुद्ध टोकाला कुलूपबंद पुस्तक आहे. ज्या ‘हॅरी पॉटर’च्या आगाऊ प्रती फारशा कुणाला हव्या नव्हत्या, त्याच मालिकेनं पुढे आगाऊ प्रतींचा रिवाजच मोडला. २०००मध्ये चौथ्या भागापासून पुस्तकं मोहोरबंद खोक्यांतून जाऊ लागली. ठरलेल्या मध्यरात्रीआधी कुणी वाचायचं नाही. परीक्षकांनीही नाही, ग्रंथपालांनीही नाही. २००५मध्ये सहाव्या भागाच्या वेळी कॅनडात व्हँकुव्हरजवळच्या कोक्विटलम इथल्या एका दुकानात चुकून १४ प्रती आधी विकल्या गेल्या. प्रकाशक न्यायालयात गेले, आणि ज्यांनी रीतसर पैसे देऊन पुस्तक घेतलं होतं, त्यांनी ठरलेल्या तारखेपर्यंत ते वाचू नये, त्याबद्दल बोलू नये, असा हुकूम निघाला. २००७च्या जुलैमध्ये शेवटच्या भागाच्या पानांचे फोटो आधीच इंटरनेटवर फुटले, तरी अमेरिकेत पहिल्या चोवीस तासांत ८३ लाख प्रती विकल्या गेल्या. लंडनमध्ये मध्यरात्र झाली, तेव्हा भारतात पहाटेचे साडेचार होत होते. आपल्याकडेही शहरांतली मुलं झोपेतून उठून आईबापांना घेऊन दुकानांपुढे उभी होती.

त्या रांगांमध्ये एक समता होती, हे कबूल करायला हवं. लंडनचा मुलगा आणि मुंबईचा मुलगा यांना पुस्तक एकाच क्षणी मिळालं. कुणी विशेष नाही, कुणी आधी नाही. स्कोलॅस्टिकनंही ‘हंगर गेम्स’चा तिसरा भाग, ‘मॉकिंगजे’, आगाऊ प्रती न वाटता २४ ऑगस्ट २०१०ला थेट आणला, आणि पहिल्याच आठवड्यात त्याच्या साडेचार लाखांहून अधिक प्रती खपल्या. पण कुलूप लावणं परवडतं ते ज्याचं नाव आधीच झालं आहे त्याला. नव्या लेखकाचं पहिलं पुस्तक दार बंद करून कुणी विकू शकत नाही. आणि मध्यरात्रीच्या रांगेतल्या मुलाला पुस्तक मिळतं, पण त्याचं मत कुणी विचारत नाही. दोन्हींतलं एक निवडायचं झालं, तर मी वाचनालयातल्या त्या खोक्याच्या बाजूनं आहे.

आता या व्यवहाराची दुखरी बाजू. किशोरांसाठीची पुस्तकं घेतं कोण? २०१२मध्ये बोकर या संस्थेच्या पाहणीत दिसलं की अमेरिकेत अशी पुस्तकं विकत घेणाऱ्यांपैकी ५५ टक्के लोक अठरा किंवा त्याहून मोठे होते. त्यातले बरेचसे स्वतःसाठीच घेत होते. मोठ्यांनी ही पुस्तकं वाचावीत, त्यात वाईट काहीच नाही. पण आगाऊ प्रती मोजक्या असतात, आणि त्या मिळवायला मोठी माणसं जास्त सरसावतात. बुकएक्स्पो हा व्यापाऱ्यांचा मेळा. तिथे चौदा वर्षांच्या मुलीला सहज शिरता येत नसे. जी पुस्तकं तिच्या वयासाठी लिहिली, त्यांच्या प्रतींसाठी आत रांगा लागत, आणि त्या रांगांत तीच नसे. ‘विक्रीसाठी नाही’ असा शिक्का असलेल्या प्रती पुढे ऑनलाइन लिलावात झळकत. २००८मध्ये नेटगॅली आली आणि आगाऊ प्रती पडद्यावर वाचायला मिळू लागल्या. छपाईचा आणि टपालाचा खर्च वाचला. पण तिथेही नोंदणी करून मागणी करायची आणि ती मंजूर होण्याची वाट पाहायची, म्हणजे पुन्हा ज्याचं नाव झालं आहे त्याचाच नंबर आधी.

मे २०१४च्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये बुकएक्स्पोला जोडून बुककॉन भरलं. हे सर्वांसाठी खुलं होतं. सुमारे दहा हजार लोक आले, त्यात किशोरवयीन मुलींची गर्दी मोठी होती. मात्र त्याआधीच वाद पेटला होता. जाहीर झालेल्या लेखकांच्या यादीत एकही गोरेतर नाव नव्हतं. त्यातून ‘वी नीड डायव्हर्स बुक्स’ ही चळवळ उभी राहिली. पुढे काही वर्षांत रायर्डन यांच्या नावानं डिस्नीनं एक वेगळी पुस्तकमालाच काढली, निरनिराळ्या संस्कृतींतल्या पुराणकथांवर त्या त्या परंपरेतल्या लेखकांनी लिहिलेली. तिचं पहिलं पुस्तक मार्च २०१८मध्ये आलं: रोशनी चोक्शी यांचं ‘आरू शहा अँड द एंड ऑफ टाइम’. अटलांटातल्या एका संग्रहालयात राहणारी बारा वर्षांची मुलगी थापा मारता मारता शापित दिवा लावते आणि महाभारताच्या भानगडीत ओढली जाते. न्यू जर्सीत किंवा बे एरियात वाढणाऱ्या मराठी मुलांना पांडव आजीच्या गोष्टींतून आणि अमर चित्रकथेतून भेटलेले असतात. ते त्यांना वर्गातल्या खोक्यातून, अमेरिकन मित्रमैत्रिणींच्या बरोबरीनं भेटले, ही घटना लहान नाही. इथे त्या मुलांना काही समजावून सांगावं लागत नाही. उलट वर्गमित्रच त्यांना येऊन विचारतात की यातलं खरं महाभारतात आहे ते कुठलं.

आगाऊ वाचणाऱ्यांनी काय काय बदललं, याची एक ठळक गोष्ट २००९ची आहे. जस्टिन लार्बलेस्टिए यांच्या ‘लायर’ या कादंबरीची नायिका कृष्णवर्णी. आगाऊ प्रतींच्या मुखपृष्ठावर मात्र एका गोऱ्या मुलीचा चेहरा छापला गेला होता. वाचणाऱ्यांना ते खटकलं. काहींना वाटलं, नायिका खोटारडी आहे, मग स्वतःच्या रंगाबद्दलही ती खोटंच बोलते की काय! लेखिकेनंही उघडपणे सांगितलं की हे मुखपृष्ठ तिला नको होतं. पुस्तक दुकानात जाण्याआधी ब्लूम्सबरीनं मुखपृष्ठ बदललं. प्रत आधी वाचली गेली नसती, तर हे घडलं नसतं.

पुढच्या दहा वर्षांत हेच हत्यार अधिक धारदार झालं. कीरा ड्रेक यांची ‘द कॉन्टिनेंट’ आदिवासींसारख्या समाजांच्या चित्रणावरून आगाऊ वाचकांच्या टीकेत सापडली. जानेवारी २०१७ची तारीख पुढे ढकलून, बरंच पुनर्लेखन होऊन ती २०१८मध्ये आली. जानेवारी २०१९मध्ये तर अमेली वेन झाओ या नव्या लेखिकेनं आपली पहिली कादंबरी ‘ब्लड एअर’ प्रकाशनाआधीच मागे घेतली. तिच्या काल्पनिक राज्यात विशेष शक्ती असलेल्या माणसांना गुलाम केलेलं होतं. काहींना त्यात अमेरिकेतल्या काळ्यांच्या गुलामगिरीची बेफिकीर हाताळणी दिसली. बीजिंगमध्ये वाढलेल्या झाओ यांच्या मनात मात्र आशियातली वेठबिगारी आणि माणसांचा व्यापार होता. त्यांनी पुस्तक पुन्हा तपासलं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते प्रसिद्ध केलं.

या प्रकरणात मला एक गोष्ट बोचते. तुटून पडलेल्यांपैकी अनेकांनी प्रत हातातही घेतली नव्हती. वाचलेल्यांचं मत ऐकून त्यांनी आवाज चढवला होता. आणि तो आवाज बहुतेक मोठ्या माणसांचा होता. ज्यांच्यासाठी पुस्तक लिहिलं, त्या मुलांपर्यंत ते अजून पोचलंच नव्हतं. टीका करण्याचा हक्क मला पूर्ण मान्य आहे. ‘लायर’चं मुखपृष्ठ टीकेमुळेच सुधारलं. पण आगाऊ प्रतीचा उपयोग लेखकाला घडण्याची संधी देण्यासाठी व्हायला हवा, आणि किशोरांच्या पुस्तकाबद्दल पहिला शब्द किशोरांचा हवा. वाचनगटातली मुलं पुस्तकाला नावं ठेवतात, पण दुसरं पुस्तक आल्यावर त्याच लेखकाला पुन्हा संधी देतात.

मराठीत हा रिवाज नाही. आपल्याकडे आहे ती प्रकाशनपूर्व सवलत: वाचक पैसे आधी भरतो, पुस्तक नंतर येतं. वाट पाहण्याची असोशी मात्र आपल्या मुलांनाही ठाऊक आहे. चांदोबाच्या नव्या अंकासाठी पोस्टमनच्या वाटेवर डोळे लावून बसलेल्या पिढ्या आहेत. नोव्हेंबर १९७१मध्ये बालभारतीनं ‘किशोर’ सुरू केल्यावर खेड्यापाड्यांतल्या शाळांतही त्याची वाट पाहिली गेली. पण अद्भुत कादंबऱ्यांच्या बाबतीत मराठीत वाचणारं मूल रांगेत सर्वांत शेवटी उभं असतं. बाळ उर्ध्वरेषे यांनी केलेला ‘हॅरी पॉटर आणि परीस’ हा अनुवाद मंजुल प्रकाशनानं आणला, तो मूळ पुस्तकानंतर काही वर्षांनी. तोवर इंग्रजी शाळेतली मुलं पुढच्या भागांवर पोचली होती. गोष्ट तीच, पण तिच्याबद्दल सगळे बोलत असताना आपल्यालाही बोलता येणं, हा आनंद मराठी शाळेतल्या मुलाच्या वाट्याला आला नाही. मला याचं फार वाईट वाटतं.

आपल्या भाषेत किशोरांसाठी नवं अद्भुत लिहिलं जावं, असं सगळेच म्हणतात. लिहिणारे आहेतही. पण मराठी लेखकाच्या हस्तलिखिताचे पहिले वाचक त्याच्या घरातली, ओळखीतली मुलं असतात, आणि ती सहसा कौतुकच करतात. संपादक मोठे, परीक्षक मोठे, बालसाहित्याचे पुरस्कार ठरवणारेही बहुतेक मोठेच. पुस्तक मुलांच्या हातात पडतं ते सगळं ठरून गेल्यावर, तेही आईवडिलांनी किंवा शाळेनं निवडून दिलं तर.

डिजिटल छपाईमुळे आता तीस-चाळीस प्रती काढणं मराठी प्रकाशकालाही परवडण्यासारखं आहे. मुखपृष्ठ साधं चालेल, चित्रांच्या जागा कोऱ्या चालतील. त्या प्रती पुण्या-मुंबईतल्या निवडक शाळांतच नकोत. सांगोल्याच्या जिल्हा परिषद शाळेत, गडचिरोलीच्या आश्रमशाळेत, फोंड्याच्या मराठी शाळेत, बेळगावच्या वाचनालयात जायला हव्यात. सोबत एक कागद असावा. त्यावर ‘पुस्तक आवडलं का?’ हा प्रश्न नको, कारण आपली मुलं शिस्तीनं ‘हो’ लिहितात. विचारावं असं: कुठल्या पानावर पुस्तक खाली ठेवलंत? कुठलं माणूस खोटं वाटलं? कुठला शब्द तुमच्याकडे कुणीच बोलत नाही? शेवट तुम्ही कसा केला असता? उत्तरं मालवणीत येवोत, वऱ्हाडीत येवोत, अशुद्ध येवोत, ती न सुधारता लेखकाकडे जावीत, आणि शेवटचं प्रूफ छापखान्यात जाण्याआधी जावीत. पुस्तक छापून झाल्यावर आलेल्या उत्तरांचा उपयोग पुढच्या आवृत्तीलाच होतो, आणि मराठीत मुलांच्या कादंबरीची पुढची आवृत्ती निघेपर्यंत उत्तरं लिहिणारी ती मुलं कॉलेजात गेलेली असतात.